बाई दारात का उभ्या आहेत?

(दृश्य: जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. एका खोलीत पहिली-दुसरी, शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी.)

परिपाठ आटोपलाय. दुसरीची पोरं पुस्तकं उघडून बसलीत, पण बाई अजून दारातच. पट ३६, हजर ३४. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ. म्हणजे आज ३ किलो ४०० ग्रॅम. तो स्वयंपाकाच्या ताईंना मोजून द्यायचा, नोंदवहीत साठ्यातून वजा करायचा, मग हीच हजेरी मोबाईलवर भरायची. रेंज असली तर. नसली तर शाळेमागच्या टेकाडावर जायचं.

तोवर केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप: आधारची माहिती, विहित नमुन्यात, आजच्या आज. हीच माहिती मागच्या महिन्यातही गेली होती. असो.

जिल्हा परिषदेच्या अशा छोट्या प्राथमिक शाळेला लिपिक नसतो, शिपाईही नसतो. यूडायस आणि सरल ही शाळेची-मुलांची माहिती भरायची सरकारी पोर्टलं, गणवेशाचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, पोरांची बँक खाती, सगळं मुख्याध्यापकांच्या गळ्यात. आणि मुख्याध्यापक म्हणजे या दोघांतलेच एक. ते पोर्टलवर बसले की चारही वर्ग एकट्या बाईंकडे.

(दृश्य: कपाटातल्या नोंदवह्या.)

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं, दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये. मतदारयाद्यांचं काम सुट्टीच्या दिवशी किंवा शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारनं शैक्षणिक काम कोणतं, अशैक्षणिक कोणतं, याची यादीही काढली. पण काम कुठल्याही रकान्यात टाका, करणारी माणसं तीच दोन.

आता पैशाचं बोलू. शाळांवरच्या खर्चाचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर येतं: सगळा पैसा पगारातच जातो. पगाराचा वाटा मोठा आहेच. पण त्याच पगारात सरकार लिपिकाचं कामही उरकून घेतं, ते मात्र कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, असं कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तोच आकडा पुन्हा लिहिला. मधल्या ५४ वर्षांत तो गाठलाच नव्हता. या शाळेपुरतं बोलायचं, तर समग्र शिक्षा या केंद्र सरकारच्या योजनेतून एवढ्या पटाला सगळ्या किरकोळ खर्चासाठी वर्षाचं संयुक्त अनुदान २५,००० रुपयांच्या घरात. खडू, वीजबिल, गळकं छप्पर, स्वच्छता, सगळं त्यातच बसवायचं.

काटकसरीची कात्री कुठे लागते, तेही बघा. ५ सप्टेंबर २०२४, ऐन शिक्षक दिनी शासन निर्णय निघाला: २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, महिना १५,००० रुपये. ओरड झाली, तेव्हा ही मर्यादा १० पटावर आली. पुढे २०२५ मध्ये तो निर्णयच रद्द झाला.

अशाच महिना १५,००० रुपयांत केंद्रशाळेवर, म्हणजे केंद्रातल्या मुख्य शाळेवर, एक माणूस फक्त कागदांसाठी बसवता आला असता. केंद्रातल्या सगळ्या शाळांची पोर्टलं त्याच्याकडे. खर्च वाढतो, मान्य. पण बाई वर्गात असोत की टेकाडावर, त्यांचा पगार तेवढाच पडतो.