बेस कोणी वाजवलाय?

(पडद्यावर: सोलापूरच्या साखर पेठेतली अरुंद गल्ली, संध्याकाळ. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा आवाज. एका घराच्या दारात बाकड्यावर बसलेले साठीचे गृहस्थ. मांडीवर चार तारांचं लांब मानेचं वाद्य.)

गणपतीचे दिवस. साल १९८१. याच पेठेत एका मंडळानं ऑर्केस्ट्रा आणला होता. पुढं बसायला जागा नव्हती, म्हणून सोळा वर्षांचा एक मुलगा स्टेजच्या बाजूला, साउंडच्या खोक्याला पाठ टेकून बसला. गाणं होतं ‘कुर्बानी’तलं, ‘आप जैसा कोई’. मूळ गाणं बिद्दू यांनी लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केलेलं, आवाज नाझिया हसनचा. इथं ते गात होती अंगावर टिकल्यांचा झगमगाट असलेली कुणी बाई. मुलाला तिचा आवाज आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पोटात काहीतरी हललं. आधी वाटलं, भूक लागली.

मग कळलं, हे खोक्यातून येतंय.

कार्यक्रम संपल्यावर तो पडद्यामागं गेला. एक माणूस लांबलचक गिटार पुसून पेटीत ठेवत होता. तिला चारच तारा, त्याही विजेच्या वायरीएवढ्या जाड. मुलानं विचारलं, “बारक्या तारा तुटल्या का ओ?”

“नाहीतच.”

एवढ्या एका शब्दावर काकांचं बेसचं शिक्षण सुरू झालं. पेठेतली पोरं त्यांना नुसतं ‘काका’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

(पडद्यावर: काकांची बोटं. डाव्या हाताच्या टोकांवर पिवळसर घट्टे.)

साधी गिटार सहा तारांची. बेस तिच्याच जाड चार तारांचा थोरला भाऊ. ई, ए, डी, जी, तेच चार स्वर, फक्त एक सप्तक खाली. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा कंप पावते, बेसची ४१ वेळा. एवढा खालचा स्वर काढायचा तर तार लांब हवी. गिटारवर ती पंचवीस इंचांच्या आसपास असते, बेसवर बहुतेक वेळा चौतीस. म्हणून मान लांब आणि म्हणून पहिल्या महिन्यात मनगट ठणकतं. लिओ फेंडर यांनी अमेरिकेत १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्याआधी हे काम माणसाएवढ्या उंचीचा उभा बेस करायचा आणि तो घेऊन रेल्वेत चढणं म्हणजे घरातलं कपाट घेऊन चढण्यासारखं.

काकांकडं पैसे नव्हते. वडिलांच्या दोन लूम, तिसरा कर्जाचा. त्यांनी मित्राची जुनी गिटार घेतली, खालच्या दोन बारक्या तारा काढून टाकल्या आणि उरलेल्या चारांवर दीड वर्ष बेस वाजवला. म्हणजे बेसच्या बोटांनी गिटारचा आवाज. खरा बेस मुंबईहून आला, कुणाचा तरी वापरलेला, रात्रीच्या गाडीनं, सोलापुरी चादरीत गुंडाळून. ती चादर अजून आहे. बेसपेक्षा चांगल्या स्थितीत आहे.

इथं एक कबुली. या माहितीपटाच्या संहितेत आम्ही आधी एक वाक्य लिहून ठेवलं होतं: ‘मागाच्या खडखडाटातून या कलाकाराला ताल सापडला.’ काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “खोड ते. शेडमध्ये दोन तास उभा राहून बघ, ताल सापडतो का डोकं उठतं ते.”

उभा राहिलो. डोकं उठलं.

(पडद्यावर: यंत्रमागाची शेड. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडं. खिडकीच्या गजाला अडकवलेला मोबाइल, त्यावर गाणं.)

शेडमध्ये गाणी सतत चालू असतात. पण मोबाइलचा नखाएवढा स्पीकर ४१ कंपनांचा स्वर काढूच शकत नाही. जे काही बेसचं म्हणून ऐकू येतं, ते त्या स्वराचे वरचे पडसाद. कान त्यांवरून खालचा स्वर अंदाजानं भरून घेतो. या गल्लीत दिवसभर गाणी ऐकणारी शेकडो माणसं आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांनी बेस गणपतीत किंवा लग्नाच्या मांडवातच ऐकलाय. नाव माहीत नसताना.

आता वही.

(पडद्यावर: दोनशे पानी वही. कोपरे वळलेले. आडव्या रकान्यांत गाणं, सूर, वाजवणारा.)

ऑर्केस्ट्रात गाणी बसवताना काकांनी ही वही सुरू केली. गाण्याचं नाव, कुठल्या सुरातलं, आणि तिसरा रकाना: मुळात कोणी वाजवलंय. पहिल्या चाळीस पानांत हा तिसरा रकाना जवळजवळ रिकामा. तबकडीवर, कॅसेटवर गायकाचं नाव असायचं, संगीतकाराचं, गीतकाराचं. वाजवणाऱ्याचं कुठून असणार?

मधूनच एखादं नाव सापडतं. ‘दम मारो दम’, १९७१. सुरुवातीची ती गिटार भूपिंदर सिंग यांची. होय, ‘दो दीवाने शहर में’ गाणारे तेच. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री केली होती. गायकाला गिटार येते हे ठीक, पण ज्या गिटारमुळं निम्म्या देशातल्या पोरांनी गिटार हातात घेतली, ती वाजवणारा माणूस पुढं गायक म्हणून ओळखला जातो आणि गिटारवाला म्हणून नाही, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसत नव्हती. भूपिंदर सिंग २०२२ साली गेले. त्या दिवशी काकांनी वहीत त्या ओळीखाली तारीख लिहिली आहे.

मग टोनी वाझ. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातला बेस. हे नाव वहीत लाल शाईनं आहे.

आणि एका पानावर इंग्रजी अक्षरांतून उतरवून घेतलेलं ‘कीथ पीटर्स’. हाही बेसवाला. रहमान यांच्या कॅसेटमध्ये घडीचा कागद यायचा आणि त्यावर वादकांची नावं छापलेली असायची. काका सांगतात, “गाणं नंतर ऐकलं. आधी कागद वाचला.” कॅसेटच्या दुकानात उभं राहून, विकत न घेता. दुकानदार ओरडला, तर म्हणे, “वाचलालो की फक्त.”

(पडद्यावर: डेट्रॉईट शहराचे जुने फोटो. पार्श्वभूमीला फक्त बेस.)

ही रिकामी जागा सोलापूरचीच नव्हे. अमेरिकेत डेट्रॉईटला मोटाऊन ही कंपनी होती. साठच्या दशकातली तिची कितीतरी गाजलेली गाणी ज्या बेसवर उभी आहेत, तो जेम्स जेमर्सन यांचा. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, वापरून ते तार छेडायचे. मित्र त्या बोटाला ‘आकडा’ म्हणत. ते तारा बदलत नसत, असंही त्यांच्याबद्दल सांगतात. आणि तबकड्यांवर वर्षानुवर्षं वादकांची नावंच नाहीत. १९७१ साली मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर नाव आलं, तेही ‘अतुलनीय जेम्स जेमर्सन’ असं.

तिकडं इंग्लंडमध्ये पॉल मॅकार्टनी. बीटल्समधला मूळ बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ १९६१ मध्ये गट सोडून गेला, आणि बेस पॉलच्या गळ्यात पडला. गळ्यात पडला हेच बरोबर. कुणालाच तो नको होता. हॅम्बुर्गमध्ये त्यानं व्हायोलिनच्या आकाराचा, हॉफनर कंपनीचा बेस घेतला. दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळं डावखुऱ्या माणसाच्या हातात तो उलटा दिसत नाही. याच मॅकार्टनींनी पुढं सांगितलं, की जेमर्सन हे त्यांचे आदर्श, पण कितीतरी काळ त्यांना त्या माणसाचं नावच माहीत नव्हतं.

हे काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. “म्हणजे त्याची पण वही रिकामीच होती म्हण की.”

जेमर्सन १९८३ साली गेले. वय सत्तेचाळीस.

दुसरी गोष्ट मात्र काकांना माझ्याकडून ऐकायची होती, कारण शहरातल्या गिटार क्लासची पोरं ती सारखी सांगतात. टोनी आयोमी. पुढं ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचा गिटारवाला झाला तो. तेव्हा इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधला, पत्रे कापण्याच्या कारखान्यातला सतरा वर्षांचा कामगार. नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात तोच. कारखान्यातला वरिष्ठ त्याला भेटायला आला आणि येताना गिटारवादक जँगो राइनहार्ट यांची तबकडी घेऊन आला. आधी ऐकवली, मग सांगितलं: या माणसाची दोन बोटं जवळजवळ निकामी आहेत. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली होती, तेव्हापासून.

आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर कातडं चिकटवलं. नेहमीच्या तारा दाबवेनात, म्हणून बेंजोच्या बारीक तारा लावल्या. नंतर तारा सैल करून सूर खाली आणला. ब्लॅक सॅबथचा तो जडशीळ आवाज असा आलाय.

यंत्रमागाच्या पेठेत ही गोष्ट सांगताना समोरच्या माणसाच्या हाताकडं बघायचं नाही, एवढं भान मला राहिलं. काकांची बोटं शाबूत आहेत. शेजारच्या घरातली नाहीत. ते म्हणाले, “बेंजोच्या तारा? मग आवाज बारीक आला असेल आधी.” इथले बेंजो म्हणजे मिरवणुकीतले, बटणांचे. त्यांच्या तारा काकांना पाठ आहेत. मग त्यांनी विचारलं, “तबकडी आणणाऱ्याचं नाव काय?”

मी टिपून घेतलं नव्हतं.

काकांनी वही मिटली.

(पडद्यावर: स्वयंपाकघर. गॅसवर जर्मनचं पातेलं, उकळत्या पाण्यात वेटोळं घातलेल्या तारा.)

बेसच्या तारा महाग. घामानं, धुळीनं त्यांचा आवाज बसतो, तेव्हा त्या उकळायच्या. दहा मिनिटं, मग पुसून कोरड्या करायच्या. काही दिवस नव्यासारख्या वाजतात. या पातेल्यावर काकूंनी खिळ्यानं फुली मारून ठेवली आहे, म्हणजे चुकून त्यात आमटी होणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत इथं पारा चाळिशीच्या वर जातो आणि लाकडी मान वाकते. मानेत लोखंडी सळई असते, ती चावीनं पिळून मान सरळ करायची. काका त्यासाठी लूमच्या हत्यारांतली एलन-की वापरतात.

या घराला ऑर्केस्ट्रावर जगता आलं नाही. नव्वदनंतर चांगले की-बोर्ड आले. डाव्या हातानं बेस निघायला लागला. मालकाला एक माणूस कमी. ज्या ऑर्केस्ट्रात काका अकरा वर्षं होते, त्यानं त्यांना निरोपसुद्धा दिला नाही, फक्त गाडी न्यायला आली नाही. नाव काका सांगत नाहीत, आम्हीही विचारलं नाही. नंतर पूर्ण वेळ लूम.

(पडद्यावर: त्याच बाकड्यावर सतरा वर्षांची मुलगी. तिच्या मांडीवर तोच बेस, मान तिच्या खांद्यापलीकडं.)

ही दोन वर्षांपूर्वी आली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्हीची खिचडी. आई विड्या वळते. मुलीनं मोबाइलवर मोहिनी डे हिला पाहिलं. मुंबईची, १९९६ सालची, वडील सुजॉय डे स्वतः बेसवादक. कोक स्टुडिओत रहमान यांच्यासोबत वाजवताना ती शाळकरी वयाचीच होती. तोंडानं तालाचे बोल म्हणायचे आणि तेच बोटांतून काढायचे, हे तिचं खास. आमच्या मुलीला त्यातलं बाकी काही कळलं नव्हतं. “ती हसत होती वाजवताना,” एवढं एकच कारण तिनं दिलं.

आईला अजून पटलेलं नाही. “गिटार म्हणजे गाणं म्हणायला असते ना ओ? ही तर गातच नाही.”

काकांनी तिला मोहिनी डे शिकवली नाही. म्हणाले, तुझ्या घरात काय वाजतं? घरात आजीच्या इळयराजांच्या कॅसेट. ‘गीतांजली’, १९८९चा तेलुगू चित्रपट. तिथून सुरुवात. आणि मला विचाराल तर बेस शिकायला याहून चांगली जागा नाही. इळयराजा संगीतकार होण्याआधी स्वतः गिटार वाजवत, कन्नड चित्रपटांचे संगीतकार जी. के. व्यंकटेश यांच्याकडं त्यांनी साहाय्यक म्हणून काम केलं आणि १९७६ साली ‘अन्नकिळि’ या तमिळ चित्रपटानं त्यांची सुरुवात झाली. प्रत्येक वाद्याचे स्वर ते स्वतः लिहून देतात. त्यांच्या गाण्यांत बेस नुसता ठेका धरून बसत नाही. गायिका श्वास घेते तेवढ्यात तो आपली वेगळी चाल चालून परत जागेवर येतो. आजीनं ही गाणी तीस वर्षं ऐकली. नातीनं एक दिवस फक्त ती खालची चाल वाजवून दाखवली, गाणं न सांगता. आजीनं ओळखलं.

(पडद्यावर: मुलगी डोळे मिटून वाजवते. काका पायानं मात्रा मोजतात. मध्येच थांबवतात, तिचं करंगळीचं बोट उचलून जागेवर ठेवतात.)

या माहितीपटात मागं जो बेस ऐकू येतोय, तो हिनंच वाजवलाय. एका दुपारी, शेड बंद असताना, तीन वेळा. पहिल्या वेळी कुत्रं भुंकलं, दुसऱ्या वेळी लाईट गेली.

ध्वनिमुद्रण झाल्यावर काकांनी वही काढली. नवीन ओळ. पहिल्या रकान्यात गाण्याचं नाव लिहायचं तर गाणं नव्हतं. दुसऱ्यात सूर लिहिला, ई. तिसऱ्यात मुलीचं नाव, आडनावासकट. मग पेन पहिल्या रकान्यावर नेलं आणि थांबले. ‘डॉक्युमेंट्री’तला ‘क्यु’ ऱ्हस्व की दीर्घ, एवढंच त्यांनी मला विचारलं.