हाताने काढलेला पाऊस

[दृश्य: कोकणातलं कौलारू घर, जुलै. पडवीच्या कडेने ओळीने पागोळ्या. सुरुवातीला निवेदन नाही, फक्त पाऊस.]

ही आमच्या आजोळची पडवी, चिपळूणपासून तासाभरावर. सकाळपासून पाऊस थांबलेला नाही. पागोळीखाली हात धरून उभी आहे ती माझी भाची, वय वर्षं सहा. तिला एवढंच सांगितलं होतं, की हात धर आणि कॅमेऱ्याकडे बघू नकोस.

[दृश्य: तळहात जवळून. एक थेंब पडतो, फुटतो.]

हा थेंब लक्षात ठेवा. याला वळचणीपासून तळहातापर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. तो पडतो, फुटतो, हात सावरतो, एवढं सगळं एका सेकंदात होतं. हा एक सेकंद कागदावर आणायला मला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांकडे आपण येऊच. त्याआधी, हे मला का करावंसं वाटलं ते सांगते.

[दृश्य: वळणावरचा एसटीचा थांबा. पत्र्याच्या शेडवर पाऊस. छत्री घेतलेली एक बाई.]

'माय नेबर तोतोरो' मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, वसतिगृहात, मैत्रिणीच्या संगणकावर. साल २००७. हायाओ मियाझाकींचा हा सिनेमा १९८८चा. त्यातली दृश्यं इथे दाखवता येत नाहीत, आमच्याकडे त्यांचे हक्क नाहीत. म्हणून आमच्या गावचा थांबा बघत ऐका.

दोन बहिणी बसथांब्यावर वडिलांची वाट बघत उभ्या आहेत. अंधार पडलाय, पाऊस आहे. बस येते, पण वडील त्यात नाहीत. धाकटी पेंगुळते, म्हणून थोरली तिला पाठीवर घेते. छत्री मानेत अडकवून, तोल सांभाळत ती उभी राहते. बराच वेळ दुसरं काहीच घडत नाही. मग शेजारी एक अजस्र केसाळ प्राणी येऊन उभा राहतो. त्याच्या डोक्यावर एक पान आहे, तेवढीच त्याची छत्री. थोरली त्याला वडिलांसाठी आणलेली छत्री देते. त्याने छत्री कधी पाहिलेली नाही. झाडावरून एक थेंब तिच्यावर पडतो, टप्प. मग दुसरा. त्या आवाजाने तो इतका हरखतो, की सगळ्या अंगानिशी उडी मारतो आणि झाडांवर साठलेलं सगळं पाणी एकदम खाली येतं.

एसटीची वाट बघत मी आयुष्यातले कित्येक तास घालवलेत. पाठीवर झोपलेल्या पोराचं वजन मला माहीत आहे. छत्रीवर झाडाचा थेंब पडतो त्याचा आवाज पावसाच्या थेंबापेक्षा जाड असतो, हेही माहीत आहे. पण हे सगळं आपल्याला माहीत आहे, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी दाखवलं नव्हतं.

[दृश्य: तोकोरोझावा. नोव्हेंबर. चहाच्या मळ्यांच्या कडेने जाणारी पायवाट, पुढे रान.]

हे तोकोरोझावा, जपानच्या साइतामा प्रांतात. टोक्योहून सेइबू रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास. मियाझाकी याच भागात राहतात आणि तोतोरोचं रान त्यांना इथेच सापडलं. या सायामा टेकड्या. कडेला दिसतोय तो चहा, सायामाचा चहा जपानभर नावाजलेला आहे.

[दृश्य: पानगळीचं रान. वाळलेल्या पानांत ओकची फळं. बुंध्यापासून फुटलेली झाडं.]

या झाडांचे बुंधे बघा. एकाच मुळातून तीन-तीन, चार-चार खोडं वर आली आहेत. इथले शेतकरी पिढ्यानपिढ्या ही झाडं तोडत आले. जळणाला, कोळशाला. तोडलेल्या खुंटाला पुन्हा फुटवे यायचे. गळलेली पानं गोळा करून त्यांचं खत व्हायचं. आपल्याकडच्या देवराईत पानही उचलत नाहीत. इथलं रान वापरातलं, माणसाचा हात सतत फिरलेलं. आणि तोतोरो असल्याच रानात राहतो, घराच्या मागे, हाकेच्या अंतरावर.

[दृश्य: रानाच्या कडेची लाकडी पाटी. त्यावर जपानी अक्षरं.]

टोक्यो वाढत गेलं तशी ही रानं घरांखाली जायला लागली. १९९०मध्ये इथल्या लोकांनी निधी उभा केला, 'तोतोरो नो फुरुसातो'. फुरुसातो म्हणजे आपलं मूळ गाव. लोकांच्या देणग्यांतून जमिनीचे तुकडे विकत घ्यायचे आणि रान म्हणूनच ठेवायचे. पहिला तुकडा १९९१ला घेतला. आज असे पन्नासहून जास्त तुकडे आहेत, प्रत्येकाला क्रमांक आहे. आम्ही दोन दिवसांत चार पाहिले. कुठेही तिकीट नाही, प्रसादाचं दुकान नाही.

[दृश्य: रान. वारा. निवेदन नाही.]

'तोतोरो' जपानमध्ये लागला १६ एप्रिल १९८८ला. त्याच दिवशी, त्याच तिकिटात जोडून, इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' होता, युद्धात अनाथ झालेल्या दोन भावंडांची गोष्ट. ताकाहाता नऊ वर्षांचे असताना ओकायामावर बॉम्ब पडले, आणि त्या रात्री ते त्या शहरात होते. तो सिनेमा मी एकदाच पाहिला आहे.

[दृश्य: मिताका. कालव्याच्या कडेची वाट. तोतोरोचं चित्र असलेली दिशादर्शक पाटी.]

मिताका स्टेशनवरून गिब्ली संग्रहालयापर्यंत ही वाट जाते. हिचं नाव 'वाऱ्याची वाट'. पंधरा-वीस मिनिटं लागतात. बसही आहे, पण चालतच जा. गिब्ली हा मियाझाकी, ताकाहाता आणि निर्माते तोशिओ सुझुकी यांचा स्टुडिओ, स्थापना १९८५. संग्रहालय उघडलं २००१च्या ऑक्टोबरात. तिकीट आधी काढावं लागतं, दारात मिळत नाही.

[दृश्य: छतावरचा यंत्रमानव. हिरवट पडलेला पत्रा. त्याच्या पायाशी उभी असलेली माणसं.]

छतावर उभा आहे तो 'लापुता' सिनेमातला यंत्रमानव, उंची ५ मीटर. आत कॅमेरा चालत नाही, त्यामुळे आतलं आमच्याकडे काहीच नाही. एकच सांगते. चित्रकाराच्या खोलीत लिहून लिहून बोटभर उरलेल्या पेन्सिली बरणीत भरून ठेवल्या आहेत. त्या बरणीपुढे मी इतका वेळ उभी होते, की मागच्या बाईंनी अदबीने वाट मागितली.

परत येताना रेल्वेतच ठरवलं. एक सेकंद तरी स्वतःच्या हाताने काढून बघायचा.

[दृश्य: पुण्यातलं घर. टेबलावर खालून उजेड असलेली काच. पट्टीच्या खुंट्यांवर बसवलेले कागद.]

सामान फार नाही. काच आणि तिच्याखाली दिवा. ही पट्टी, तिच्यावर तीन खुंट्या, मधली गोल आणि कडेच्या दोन लांबट. कागदाला तशीच तीन भोकं. त्यामुळे प्रत्येक कागद नेमका त्याच जागी बसतो. केसभर सरकला, तर पडद्यावर सगळं चित्र थरथरतं.

सिनेमाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटी धरलं, तर बारा चित्रं लागतात. एक चित्र तीन चौकटी धरलं, तर आठ. १९६३मध्ये ओसामू तेझुका यांनी 'अॅस्ट्रो बॉय' दर आठवड्याला टीव्हीवर आणायला घेतला, तेव्हा पैसा आणि वेळ दोन्ही कमी होते, म्हणून जमतील तितकी चित्रं वाचवली. तीच सवय जपानी अॅनिमेशनला लागली, आणि त्यातून थोड्या चित्रांत जीव आणायची त्यांची एक वेगळीच कला तयार झाली. मी बारा घेतली.

[दृश्य: भाचीच्या हाताचं चित्रीकरण, चौकट चौकट थांबवत. शेजारी वही.]

आधी मुख्य चित्रं काढायची. जपानी लोक त्यांना 'गेंगा' म्हणतात. थेंब वळचणीला लोंबतोय, हे एक. तळहातावर टेकला, हे दुसरं. हात सगळ्यात खाली गेला, हे तिसरं. हात सावरला, हे चौथं. मग यांच्या मधली चित्रं, त्यांना 'दोगा' म्हणतात. मोठ्या स्टुडिओत गेंगा काढणारे वेगळे आणि दोगा काढणारे वेगळे. नवीन माणूस दोगापासून सुरुवात करतो.

[दृश्य: पेन्सिल. दोन कागदांच्या मधे तिसरा कागद. बोटांत धरून उलटसुलट चाळले जाणारे कागद.]

बोटं बघा. पाच कागद पाच बोटांच्या बेचक्यांत धरायचे आणि पुढे-मागे चाळायचे, म्हणजे हालचाल दिसते. मला हे जमायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सगळी बारा चित्रं झाली आणि मी ती जोडून लावली.

[दृश्य: पहिला प्रयत्न. पडद्यावर एक सेकंद.]

थेंब पडतच नाहीये, बघा. दोरीवरून मणी सरकावा तसा उतरतोय. कारण मी सगळी अंतरं सारखी ठेवली होती. पडणारी वस्तू सारखी अंतरं कापत नाही. पहिल्या टप्प्यात एक भाग, दुसऱ्यात तीन, मग पाच, सात, नऊ. हे शाळेत शिकले होते. पण पेन्सिलीने ते अंतर मोजून थेंब त्या जागी ठेवला, तेव्हा पहिल्यांदा ते हाताला कळलं.

[दृश्य: कागदावर लाल पेन्सिलीच्या खुणा: एक, तीन, पाच, सात, नऊ.]

दुसरा प्रयत्न. आता थेंब पडतो, पण हात दगडाचा आहे. थेंब फुटल्यावर बोटं तशीच. परत मूळ चित्रीकरण काढून बसले. तेव्हा दिसलं, की थेंब टेकल्यावर हात लगेच हलत नाही. एक चित्रभर थांबतो. मग मनगट किंचित खाली जातं, आणि मनगट वर यायला लागतं तेव्हा कुठे करंगळी आत वळते. करंगळी सगळ्यात शेवटी. सहा वर्षं या मुलीला मी बघतेय, मला हे कधी दिसलं नव्हतं.

[दृश्य: आठवं, नववं, दहावं चित्र, काचेवर एकावर एक.]

सातवं चित्र पुन्हा काढलं. आठवं चार वेळा. नववं सहा वेळा. शेवटी पाऊस. मागचा पाऊस वेगळ्या कागदांवर काढला, नुसत्या तिरक्या रेघा. त्याही सारख्या टाकून चालत नाहीत, डोळ्याला लगेच ओळ दिसायला लागते.

माझा हा एक सेकंद पेन्सिलीचा, रंग नाही, मागचं घर नाही. आता 'तोतोरो'तली झाडं आठवा. ती कला दिग्दर्शक काझुओ ओगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोस्टर कलरने रंगवली. शाळेच्या दप्तरात असायचा तोच पोस्टर कलर. रस्त्याकडेचं गवतसुद्धा ओळखू यावं, असं. 'प्रिन्सेस मोनोनोके'साठी, १९९७मध्ये, सुमारे १,४४,००० सेल लागली. सेल म्हणजे पारदर्शक पत्रा, ज्याच्या मागच्या बाजूने रंग भरतात. त्यातल्या सुमारे ८०,००० चित्रांवर मियाझाकींनी स्वतः हात फिरवला. २००८च्या 'पोन्यो'ला सुमारे १,७०,००० चित्रं. आणि 'द विंड रायझेस'मध्ये गर्दीचं एक ४ सेकंदांचं दृश्य आहे. माणसं, सामान, धावपळ. एइजी यामामोरी यांनी ते काढलं. एक वर्ष तीन महिने लागले.

[दृश्य: रात्र. टेबलावरचा दिवा. खिडकीबाहेर पाऊस.]

या कामाची किंमत माणसांनी मोजली आहे. दोगा काढणाऱ्यांना बहुधा चित्रागणिक पैसे मिळतात आणि ते फार थोडे असतात. आणि गिब्लीचे दिग्दर्शक योशिफुमी कोंदो १९९८मध्ये ४७व्या वर्षी गेले, तेव्हा अतिश्रमांबद्दल बोललं गेलं.

[दृश्य: चित्रपटगृहाबाहेरची रांग, जानेवारी २०२५. आजीचा हात धरलेला मुलगा.]

ही रांग पुण्यातली. सिनेमा 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम'. जपानी चित्रकारांनी काढलेलं रामायण. युगो साको १९८३मध्ये इथल्या उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले होते. तेव्हा रामायण त्यांच्या हाती लागलं आणि मग सुटलं नाही. त्यांच्या बरोबरीने दिग्दर्शनात होते राम मोहन, मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६पासून कार्टून शिकलेले आणि शिकवलेले. १९९३मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, आणि सगळीकडे चित्रपटगृहांत लागायला जानेवारी २०२५ उजाडलं. राम मोहन २०१९मध्ये गेले. ही रांग त्यांनी बघायला हवी होती.

माझ्या पिढीने तर त्याआधीच, नकळत, जपानी हात पाहिले होते. रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारा मोगली आठवतो? तो जपानमध्ये काढलेला होता. आम्हाला तो आपलाच वाटायचा.

[दृश्य: रांगेतली मुलं. मोबाइलवर वाकलेले चेहरे.]

मार्च २०२५मध्ये लोकांनी आपापले फोटो यंत्राला देऊन गिब्लीसारखी चित्रं करून घेतली. लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या माणसांचेही. माझ्या घरातल्यांनीही केली. मला राग आला, अजून आहे. त्या चित्रांत करंगळी कुठल्याही वेळी वळते.

[दृश्य: कोकणातली पडवी. भाची, तिची आई. भिंतीवर टाकलेला पांढरा पंचा, समोर छोटा प्रोजेक्टर.]

गणपतीला आजोळी गेलो तेव्हा प्रोजेक्टर बरोबर नेला होता. बाहेर पाऊस होताच.

[दृश्य: एक सेकंद. बारा चित्रं. आवाज त्याच पडवीतला.]

परत एकदा.

[दृश्य: तोच सेकंद. नंतर भाचीचा चेहरा, पडद्याच्या उजेडात. ती आपल्या तळहाताकडे बघते.]

तिने तो अकरा वेळा लावायला लावला. मग म्हणाली, "मावशी, दुसरा थेंब कधी पडणार?"

[दृश्य: काचेवर कोरा कागद. कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा: १३.]