माती राहते, लोखंड जातं

(दृश्य : पहाट. मोकळ्या अंगणात हिरव्या झिलईची, अंड्याच्या आकाराची, कोळशावर चालणारी सिरॅमिक बार्बेक्यूची भट्टी. मागे समुद्राची गाज.)

या झाकणावरून हात फिरवला की बोटांना चिकट लागतं. रात्री पाऊस पडलेला नाही. हे मीठ आहे. लाटा फुटल्या की तुषार वाऱ्यावर चढतात, पाणी उडून जातं आणि उरलेले मिठाचे कण किनाऱ्यावरच्या प्रत्येक वस्तूवर येऊन बसतात. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणून समुद्राकाठचा धातू भर उन्हातही पुरता कोरडा होत नाही.

(दृश्य : कॅमेरा झाकणामागे सरकतो. बिजागरी, झाकण धरून ठेवणारा धातूचा पट्टा, बोल्टखालून उतरलेला तपकिरी ओघळ.)

भट्टीची माती या मिठाला दाद देत नाही. हा ओघळ आलाय तो पट्ट्याच्या बोल्टमधून. झिलई पहिल्या दिवशी होती तशीच आहे, भट्टीला धरून ठेवणारं लोखंड मात्र कणाकणानं चाललंय. सिरॅमिक बार्बेक्यू घेताना बहुतेक जण रंग बघतात, आकार बघतात, जाळीची रुंदी मोजतात. समुद्राजवळ राहणाऱ्यानं आधी नट-बोल्ट बघावेत, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : जुनी रेखाटनं. मातीची चूल, घुमटाकार झाकण, खालचं छोटं दार.)

या भट्टीचं मूळ जपानमध्ये. 'कामादो' म्हणजे तिथली चूल. तिचंच एक रूप म्हणजे 'मुशिकामादो' : मातीचं गोल भांडं, वर काढता-घालता येणारं घुमटासारखं झाकण आणि हवा कमी-जास्त करण्याची सोय. आत भात शिजायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकी सैनिकांच्या नजरेत ही भांडी भरली आणि परतताना त्यांनी ती बरोबर नेली. भाताची जागा जाळीवर भाजायच्या पदार्थांनी घेतली. 1974 मध्ये एड फिशर यांनी अटलांटा शहरात 'बिग ग्रीन एग' ही अशा भट्ट्यांची कंपनी सुरू केली. सुरुवातीची भांडी जुन्याच पद्धतीच्या मातीची होती, ठिसूळ. काही वर्षं वापरली की उतरणीला लागायची. पुढे उष्णता सोसणारं सिरॅमिक आलं आणि भांड्याचं आयुष्यच बदललं.

(दृश्य : तुटलेल्या जुन्या भट्टीचा तुकडा. आतली खरखरीत, सच्छिद्र माती. बाहेर काचेसारखी झिलई.)

अशा सिरॅमिकमध्ये अनेकदा कॉर्डिएराइट असतं. मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम आणि सिलिका यांपासून बनलेलं हे खनिज तापल्यावर फारच थोडं फुगतं. मोटारींचा धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जी जाळी असते, ती बहुतेक वेळा याचीच. थंड असताना एकदम ताप दिला तरी तडकत नाही, हा याचा गुण. आणि ही जाड भिंत एकदा तापली की मूठभर निखाऱ्यांवर तासन्‌तास काम होतं. 110 अंशांची मंद आच असो की 350 अंशांची कडक, कोळसा तोच, भांडं तेच. फरक फक्त हवेच्या दोन झडपांच्या, खालच्या आणि वरच्या, फटीचा. हवा जेमतेम आत येते, म्हणून पदार्थातला ओलावाही फारसा बाहेर पडत नाही.

आता तुकड्याची ही बाजू बघा. बाहेर झिलई आहे, आत नाही. आतली माती पाणी पिते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(दृश्य : चुंबक बिजागरीजवळ नेला जातो. 'टक्' असा आवाज.)

चुंबक चिकटला. वर काळा पावडर कोटिंगचा थर आहे, आत साधं पोलाद. थर अखंड आहे तोवर ठीक. पान्याचा एक ओरखडा पुरतो. मीठ तिथून आत शिरतं, थराखाली पसरतं आणि वरून रंगाचे पापुद्रे सुटतात.

(दृश्य : दुसऱ्या भट्टीचा पट्टा. चुंबक घसरून खाली पडतो.)

इथं चिकटला नाही. हे स्टेनलेस. पण कोणतं, ते चुंबक सांगू शकत नाही. 304 या जातीत साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 316 मध्ये त्यावर 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम. पोलादात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडायचं काम मिठातलं क्लोराइड करतं, आणि त्याला अडवतं ते हे मॉलिब्डेनम. विकणाऱ्याला आकडा विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. पट्ट्याचा आकडा वेगळा, बोल्टचा वेगळा, स्प्रिंगचा वेगळा विचारा. पट्टा उत्तम आणि त्यात बोल्ट साधा, अशी जोडी मी फार वेळा पाहिली आहे. अशा जोडीत ओल्या मिठाच्या साथीनं कमी प्रतीचा धातू आणखी वेगानं झिजतो.

शक्य असेल तर चकचकीत पॉलिश केलेला भाग निवडा. ब्रश मारल्यासारख्या रेघा दिसायला छान दिसतात, पण मीठ त्यांच्यात दबा धरून बसतं. किनाऱ्यापासून साधारण 5 किलोमीटरच्या आत स्टेनलेसवर चहा सांडल्यासारखे जे तपकिरी डाग पडतात, ते अशा खरबरीत पृष्ठभागावर लवकर येतात.

(दृश्य : लाकडी गाडा, चाकांवर कॅमेरा थांबतो. एक चाक फिरतच नाही.)

गाडा सागाचा असेल तर लाकडाची चिंता कमी. त्यात मुळातच तेल असतं. चाकांकडे मात्र कुणी बघत नाही. हे चाक बघा, आतल्या गोळ्या गंजून जाम झाल्या आहेत. एवढ्या वजनाची भट्टी तीन चाकांवर ढकलली तर ती कलंडते. कलंडलेली भट्टी पुन्हा सांधत नाही.

(दृश्य : भट्टी बसवणं. दोघं जण आतली जाळी, निखाऱ्याची वाटी, विटेची तबकडी एकेक करून बाहेर काढतात. मग मोकळं भांडं उचलतात.)

46 सेंटिमीटर जाळीची भट्टी बहुतेक 70 किलोंच्या पुढे असते. म्हणून आधी आतलं सगळं बाहेर. मग एकाचा हात खालच्या झडपेच्या तोंडात, दुसरा तळाशी. समोरच्याचे दोन्ही हात तळाखाली. बिजागरीला धरून उचलायचं नाही, हँडलला धरून तर नाहीच. लाकडी टेबलावर थेट ठेवायची नाही. खाली पाय असलेला आधार किंवा जाड फरशी, आणि मधे हवा खेळायला जागा. तळ चांगला तापतो.

(दृश्य : वारा. धुराची रेघ आडवी होते, तुटते, परत जुळते. हा शॉट पूर्ण चालू द्या.)

समुद्रावरचा वारा दिवसा जमिनीकडे येतो, रात्री बहुधा उलटा वळतो. खालच्या झडपेचं तोंड जोराच्या वाऱ्याकडे असेल तर तो भात्यासारखा फुंकतो आणि आच हाताबाहेर जाते. माती तापायला वेळ घेते, निवायला त्याहून जास्त. एकदा पारा वर गेला की खाली आणता आणता जेवणाची वेळ टळून जाते. म्हणून भट्टी कायमची बसवण्याआधी दोन दिवस नुसता धूर बघा. सकाळी कुठे वळतो, संध्याकाळी कुठे. आम्हीही इथं तेच केलं, आणि ठरवलेली जागा बदलली.

छपराखाली ठेवली म्हणजे सुटलो, असं वाटतं. पाऊस चुकतो हे खरं, पण पाऊसच मीठ धुऊन नेतो. आडोशाच्या कोपऱ्यात मीठ साठत राहतं. उघड्यावरचा पट्टा स्वच्छ आणि छपराखालचा डागाळलेला, हे दृश्य किनाऱ्यावर नेहमीचं. छप्पर जरूर असू द्या, फक्त पावसाचं काम मग आपल्या हातांनी करावं लागतं. आणि बंद खोलीत ही भट्टी कधीच पेटवायची नाही; कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

(दृश्य : पावसानंतर बरेच दिवस बंद राहिलेली भट्टी. झाकण उघडतं. जाळीवर पांढरी-करडी लव.)

ही बुरशी. जुनी चरबी, दमट हवा आणि न उघडलेलं झाकण. घाबरून जाऊ नका, आणि साबण तर अजिबात घालू नका. सच्छिद्र माती साबण पिते आणि पुढच्या वेळी तो पदार्थात उतरतो. पेटवण्याचं द्रव इंधन वापरायचं नाही तेही याच कारणानं. बुरशी जाळून टाकायची, पण लगेच नाही.

(दृश्य : खालच्या कडेतून, झिलईच्या बारीक रेषांतून वाफ निघते.)

आतली माती पाणी पिते, ते इथं दिसतं. पाण्याची वाफ झाली की तिला 1,600 पटींहून अधिक जागा लागते. ओल्या मातीला एकदम कडक आच दिली तर ती वाफ वाट फोडून बाहेर येते. म्हणून थोडा कोळसा, दोन्ही झडपा किंचित उघड्या, पारा 110-120 अंशांवर, आणि काही तास तसंच. वाफ थांबली, भिंत बाहेरून एकसारखी कोमट लागली, की मग आच वाढवायची. बुरशी जळते, राख होते, ब्रशनं झटकली की झालं. झिलईवरच्या या केसासारख्या रेषा म्हणजे तडे नव्हेत. नखाला लागत नाहीत ना? मग भट्टी ठणठणीत आहे.

(दृश्य : पट्टा उतरवणं. लांब शॉट, मग जवळून. पाना, गंजलेला बोल्ट, तेलाचा थेंब.)

आता मुख्य काम. झाकण बंद ठेवून, एकानं वरून धरून, स्प्रिंगचा ताण आधी सोडायचा. तो न सोडता पट्टा काढला तर बिजागरी उसळते आणि हाताला लागते. बोल्टवर तेल सोडून रात्रभर थांबलो होतो. तरी पहिला वळसा जड गेला. बघा, पान्याखालून गंजाची पूड कशी पडतेय. हा बोल्ट अर्धा खाल्लेला आहे. बाहेरून त्याचं डोकं नीट दिसत होतं, झिजला होता तो आतल्या आट्यांत, जिथं मीठ साठतं आणि कुणाची नजर जात नाही.

पट्टा मातीपेक्षा कितीतरी जास्त फुगतो. दर वेळी भट्टी तापली की तो कणभर सैल होतो, निवली की आवळतो. त्यात बोल्ट झिजलेला असेल तर एक दिवस झाकण पट्ट्यातून निसटतं. या घरातलं आधीचं झाकण असंच गेलं.

(दृश्य : नवे बोल्ट, वंगणाची डबी, पट्टा परत बसतो.)

नवे बोल्ट 316 चे. स्टेनलेसवर स्टेनलेस आवळला की आटे एकमेकांना धरून बसतात, म्हणून आट्यांना उष्णता सोसणारं वंगण लावलं. दोन्ही बाजूंचे बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे. घासायला पोलादी काथ्या वापरायचा नाही. त्याचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि तेच गंजायला लागतात. क्लोरीनचं ब्लीचही दूर ठेवा. गोडं पाणी, मऊ कापड, पुसून कोरडं. भट्टी थंड असताना, आणि आतल्या मातीवर पाणी जाऊ न देता. आठवड्यातून एकदा. वारा जोरात असेल त्या दिवसांत दोनदा. सगळ्या फिल्ममधून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

वरची झडप बिडाची असेल तर तिला तव्यासारखं तेल चोळून ठेवावं. कडेवरची, फट बुजवणारी गॅस्केटची पट्टी कुठे सुटली आहे का बघा. तिथून हवा आत गेली की झडप कितीही बंद करा, निखारे विझत नाहीत. राख प्रत्येक वेळी काढायची. राखेत मिठाची ओल शिरली की तो चिखल खालच्या झडपेचं पोलाद खातो.

(दृश्य : रात्र. निखाऱ्यांचा उजेड झाकणाच्या फटीतून. झाकण एकदम उघडल्यावर उसळणारा जाळ, संथ गतीत.)

बंद भट्टीत निखारे हवेसाठी आसुसलेले असतात. झाकण एकदम उघडलं की हे असं होतं. आधी दोन बोटं उघडायचं, थांबायचं, परत थोडं, मग पूर्ण. भुवया जातात यात.

(दृश्य : दोन्ही झडपा बंद होतात. धुराची शेवटची रेघ.)

विझवायला पाणी कधीच नाही. झडपा बंद, बस. उरलेला लोणारी कोळसा उद्या कामाला येतो, फक्त तो कोरडा हवा. दमट कोळसा तडतडतो आणि ठिणग्या उडवतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

(दृश्य : सकाळ. ओल्या कापडानं बिजागरी पुसली जाते, मग कोरड्या. कव्हर हातात घेतलं जातं.)

हवा खेळती राहील असं कव्हर. पण थांबा, अजून घालायचं नाही. रात्रीची ऊब मातीत अजून असेल. आता झाकली तर आत घाम धरेल. आधी हात लावून बघायचं.

(दृश्य : हिरव्या झिलईवर टेकलेला हात. तसाच राहतो. फक्त समुद्राचा आवाज.)