तिथी बघून गावाला जा

नमस्कार. मला विषय दिलाय भटकंती, सिनेमा आणि गाणं. ऐकायला हे तीन विषय वाटतात पण आपल्या मराठवाड्यात एकच आहे, कारण इथं गाणं ऐकायचं म्हणलं की आधी गाडी काढावी लागते. पुण्यात माणूस जेवण करून पायी पायी मैफलीला जाऊन येतो, आपल्याला अंबाजोगाई गाठायची, पैठण गाठायचं, जानेवारीत संभाजीनगर गाठायचं. लोक याला अडचण म्हणतात, मला यात आपलं भाग्य दिसतं, आणि आज तेवढंच सांगायलो की फिरायला जाताना आपली सुट्टी बघू नका, त्या गावाची तिथी बघा.

पैठणचंच घ्या. रविवारी गेलात तर नाथांचा वाडा, समाधी, धरण, पैठणीचं दुकान, अन् संध्याकाळी घरी. फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीच्या यात्रेला जा. गोदावरीच्या काठानं राहुट्या, दिंड्यांवर दिंड्या, एका फडाचा अभंग संपायच्या आत दुसऱ्याचे टाळ सुरू, आणि मधेच एखादे आजोबा उठून भारूड धरतात की बसलेली माणसं आपोआप गोल करतात. नाथांची भारुडं आपण शाळेत मार्कांसाठी पाठ केली, पण ती अंगानं करायची असतात, डोळ्यानं, हातानं, समोरच्या बाईमाणसाकडं बघून, हे तिथं वाळूत बसल्याशिवाय कळत नाही. अष्टमीला काल्याची दहीहंडी फुटली की यात्रा सरते, तर निदान एक मुक्काम करा.

आता गोंधळ. हा आपल्या घरातच होतो म्हणून आपण त्याच्याकडं कार्यक्रम म्हणून बघतच नाही, लग्न झालं, कुळाचार उरकला, पाहुणे झोपले, गोंधळी वाजवत बसले, असं चालतं. एकदा जागून ऐका राव. आमच्या गल्लीत ऐन थंडीत गोंधळ होता, तर गोंधळ्यानं आल्या आल्या काय केलं, संबळ शेगडीपाशी नेला. थंडीनं चामडं ढिल्लं पडलेलं. दोन वाद्यं एकमेकाला बांधलेली, एक लहान एक मोठं, ती तो हळूहळू शेकवायलेला, मधे बोटानं टिचकी मारून ऐकायचा, परत शेकवायचा, कुणी चहा दिला तरी लक्ष नाही. मग कमरेला बांधून दोन काड्या घेतल्या, त्यातल्या एकीचं टोक वाकडं असतं, आणि पहिली थाप पडली तशी झोपलेली पोरं उठून बसली. दुसऱ्याकडं तुणतुणं, एकच तार, पण रात्रभर सूर धरून ठेवते.

आणि सुरुवातीला ते देवांना बोलावतात ना, तुळजापूरच्या भवानी गोंधळा ये, माहूरच्या रेणुके गोंधळा ये, असं एकेका गावाचं नाव घेत, तो मला आपल्या भागाचा सगळ्यात भारी नकाशा वाटतो. धाराशिव जिल्ह्यातून नांदेडच्या पार टोकाला, किनवटच्या बाजूला, तो एका श्वासात पोचतो. मी त्या नावांच्या मागं मागं बरंच फिरलोय आणि अजून फिरायलोय.

सिनेमाकडं येतो. आपल्या आधीच्या पिढीनं सिनेमा यात्रेतच बघितला, तंबूत, खाली बसून. एकच मशीन असायचं, रीळ संपलं की पडदा अंधारायचा, दुसरं चढेपर्यंत लोक शेजारच्याला आधीची स्टोरी सांगायचे. ते गेलं, रीळच गेली. पण सोबत बसून बघणं जायला नको असं मला फार मनापासून वाटतं. संभाजीनगरला 2014 पासून अजिंठा वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो, गेली काही वर्षं जानेवारीत, तिथं जा. मोबाईलवर तोच सिनेमा मिळेल हो, पण शेजारी कोण बसलंय याला किंमत आहे. दुष्काळावरचा एक सिनेमा मी असाच आपल्याकडच्या लोकांत बसून बघितला, पडद्यावर टँकर आला, बायका धावल्या, अन् मागच्या रांगेतली एक मावशी शेजारणीला म्हणली, अगं पाइप आधी धरावा लागतो, ही चुकीच्या बाजूला उभी राहिली. त्या सीनबद्दल इतकं नेमकं कुणी बोललेलं मी वाचलं नाही अजून.

महोत्सवाला संभाजीनगरला गेलात तर सकाळचा एक शो सोडा आणि बीबी का मकबऱ्याच्या मागं डोंगरात औरंगाबाद लेण्या आहेत तिकडं चढा. सातव्या लेणीत आत, गाभाऱ्यात, डाव्या भिंतीवर मधे नाचणारी बाई आणि दोन्ही बाजूंनी वाजवणाऱ्या बाया, सगळ्या बायाच. साधारण सहाव्या-सातव्या शतकातलं काम. उजेड कमी असतो, थोडं थांबलं की दिसायला लागतं, कुणाच्या हातात बासरी, कुणाच्या हातात टाळ. वेरूळ करायचं असेल तर मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी, हे आधी लिहून घ्या.

अंबाजोगाईचा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह 25 ते 27 नोव्हेंबर. तालुक्याच्या गावात शेतकरी परिषद, कविसंमेलन आणि शास्त्रीय संगीताची सभा एकाच मांडवात होते, आणि दुपारी शेतीवर तावातावानं बोललेले लोक रात्री ख्यालाला दाद देत बसलेले असतात. हे दुसरीकडं कुठं दाखवा मला. दिवसा मुकुंदराजांची समाधी आणि हत्तीखाना लेणी बघून होतात. औशाचं चक्रीभजन, परभणीच्या उरुसातली कव्वाली, नांदेडला गुरुद्वाऱ्यात पहाटेचं कीर्तन, हे सगळं वेळेअभावी नुसतं सांगून ठेवतो.

इथं एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, रात्रीचे कार्यक्रम असतात, आम्ही बायकांनी कसं जावं. ताई, खरा प्रश्न आहे. आम्ही काय करतो, चार-पाच घरं मिळून एक जीप ठरवतो, परत यायची घाई ठेवत नाही, मुक्कामाची खोली आधी फोन करून पक्की करतो आणि मगच निघतो. पैठणला आणि अंबाजोगाईला आमच्या घरातल्या बायका पुढं बसून पूर्ण ऐकून आल्यात. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत लावणी महोत्सव असतो, मार्गशीर्षाच्या शेवटी, तिथं गर्दी लई, तर दिवसा घोडे, गाढवं आणि लाल कंधारी बैलांचा बाजार बघायचा, लावणीला पुढच्या बाजूला सगळ्यांनी एकत्र बसायचं. यंदा तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर कार्यक्रम संपल्यावर नाव द्या, दोन जीपा कराव्या लागतील असं दिसतंय.