फाशांवरचा मरिनो

(दृश्य : जेवणाचं टेबल. पुठ्ठ्याची कार्डं, फासे, टोक मोडलेली पेन्सिल.)

फासे पडले. बोट कार्डावरच्या रकान्यातून खाली सरकलं आणि थांबलं. डॅन मरिनोचा पास गेला थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात. इंटरसेप्शन! मरिनो बिचारा इथे कुठेच नाही. आहे ते त्याचं कार्ड.

अमेरिकेतल्या स्ट्रॅट-ओ-मॅटिक कंपनीनं हा खेळ १९६८ साली आणला. फुटबॉल म्हणजे त्यांचा, लंबगोल चेंडूचा. खेळाडूची एका मोसमातली खरी कामगिरी कार्डावर उतरवायची आणि मित्रांनी घरातच लीग भरवून तो मोसम पुन्हा खेळायचा. आपण शाळेत पुस्तकाची पानं उघडून क्रिकेट खेळायचो ना, त्याचाच हा थोरला भाऊ. पण आपल्या पानांना गावसकर आणि चंद्रशेखर सारखेच. इथे कार्डाला माणूस कळतो.

(दृश्य : दोन कार्डं शेजारी शेजारी.)

साल १९८४. डावीकडे मायामीचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा गडी, मरिनो. कारकिर्दीतला दुसराच मोसम. ५६४ पास टाकले, त्यांवर ५,०८४ यार्ड पुढे सरकले, ४८ टचडाउन (म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात), १७ इंटरसेप्शन. उजवीकडे सॅन फ्रान्सिस्कोचा जो मॉन्टाना. पास ४३२, यार्ड ३,६३०, टचडाउन २८, इंटरसेप्शन १०.

भारी कोण?

उत्तरासाठी लीगवाले पासर रेटिंग काढतात. खऱ्या लीगनं, म्हणजे अमेरिकेच्या एनएफएलनं, हे सूत्र १९७३ पासून वापरलं. चार गोष्टी पाहायच्या : किती टक्के पास झेलले गेले, दर पासामागे यार्ड किती, टचडाउन किती, इंटरसेप्शन किती. जास्तीत जास्त गुण १५८.३. हा आकडा असा विचित्र का, हे सूत्र मांडून बसलं की कळतं. तोवर श्रद्धा ठेवा.

मरिनो १०८.९. मॉन्टाना १०२.९.

झालं? नाही. आता फाशांची गंमत बघा. ५६४ पासांत १७ इंटरसेप्शन, म्हणजे शंभरात तीन. हाच मोसम पुन्हा पुन्हा खेळलात, तर नुसत्या फाशांच्या हिशेबानं साधारण चारातल्या तीन मोसमांत हा आकडा १३ ते २१ च्या मध्ये पडेल. तेरा पडले, तर मरिनो मॉन्टानाइतकाच सावध ठरतो. एकवीस पडले, तर अख्खी लीग त्याला बेफिकीर म्हणणार. कार्ड तेच, चालवणारा तोच. सोळा सामन्यांच्या एका मोसमावरून क्वार्टरबॅक विकायला निघालेल्यांनी हे आधी वहीत लिहून ठेवावं.

आणि कार्डावर एकटा मरिनो थोडाच असतो? मार्क क्लेटननं त्या वर्षी १८ टचडाउन झेलले. समोरचे गडी अंगावर येऊ नयेत म्हणून झुंजणारे पाच धिप्पाड वेगळेच. चेंडू हातात असताना मरिनो वर्षभरात १३ वेळा पाडला गेला, मॉन्टाना २२ वेळा. याला सॅक म्हणतात. रेटिंगमध्ये त्याची नोंदच नाही.

(दृश्य : दोन्ही कार्डं बाजूला. टेबलावर फक्त वही.)

२० जानेवारी १९८५. स्टॅनफर्ड स्टेडियम. हे दोघे खरोखर समोरासमोर आले, सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात. मरिनोनं ५० पास टाकले, टचडाउन एक, इंटरसेप्शन दोन. मॉन्टानानं ३५ टाकले, तीन टचडाउन, इंटरसेप्शन एकही नाही. सामना सॅन फ्रान्सिस्कोनं ३८-१६ जिंकला. त्या दिवशी मॉन्टानाचं रेटिंग निघतं १२७.२.

पण त्याच सामन्यात तो स्वतः चेंडू घेऊन पळालाही होता. ५९ यार्ड, वर एक टचडाउन. त्याचे रेटिंगमध्ये गुण किती? शून्य.

म्हणून मुरलेला लीगवाला वहीत पासांच्या शेजारी पट्टीनं आणखी दोन रकाने आखून घेतो. एक धावेचा, एक सॅकचा.

(दृश्य : पेन्सिलीला टोक काढलं जातं. फासे पुन्हा मुठीत.)