दोरीचं माप

लग्न होऊन श्रीवर्धनला आले तेव्हा माड कुठला आणि पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, कुठली, हे मला लांबून कळत नसे. माहेर सांगलीकडचं, उसाचं. वितभर जमीन मोकळी दिसली तर आमच्याकडे माणूस बेचैन होतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात मामंजींना विचारलं, "माडांच्या मधे एवढी जागा फुकट का घालवलीय?" ते काही बोलले नाहीत. माळ्यावरून काथ्याची एक दोरी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. दोन टोकांना दोन गाठी, मधे 25 फूट.

आजेसासऱ्यांनी याच दोरीनं माड लावले. गावानं वेड्यात काढलं म्हणे, कारण या मापानं एकरात जेमतेम 70 माड बसतात. दाट लावणाऱ्यांचे माड उन्हासाठी एकमेकांशी शर्यत लावून उंच गेले, खाली सगळी सावली. आमच्याकडे कवडसे जमिनीपर्यंत यायचे. त्या कवडशांत मामंजींनी पोफळी लावल्या, पोफळींवर मिरीचे वेल चढवले. पुढे रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रानं हीच तऱ्हा 'लाखी बाग' म्हणून मांडली, तेव्हा ते नुसतेच मिशीत हसले.

जायफळानं मात्र त्यांना फसवलं. बियांपासून केलेली 9 रोपं सात वर्षं वाढवली. जायफळात नर-मादी झाडं वेगळी, आणि फुलल्याशिवाय ती ओळखू येत नाहीत. फुलल्यावर पाच नर निघाले! दहा माद्यांना एक नर पुरतो, म्हणून चार तोडले. सासूबाई म्हणाल्या, "घरातही हाच हिशेब लावा." त्यांचा तो हक्कच होता. पंप येण्याआधी पहाटे रहाटाचं पाणी पाटानं आळ्या-आळ्यात फिरवायचं शिपणं त्यांनीच केलं. सातबारावर अकरा नावं आहेत, त्यांत त्यांचं नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. पोफळी काडीसारख्या मोडल्या, एक पडताना दुसरीला घेऊन. आमच्या पावणेतीनशेपैकी 39 राहिल्या. माड बहुतेक टिकले. दुसऱ्या दिवशी वाडीत उभी राहिले तर डोक्यावर नुसतं आभाळ. पाऊस संपल्यावर खरं नुकसान कळलं. सावलीत वाढलेल्या जायफळांची पानं करपली. उरलेल्या पोफळींचे बुंधे पश्चिमेच्या उन्हानं भाजून तडकायला लागले, तेव्हा त्यांना झावळ्या बांधल्या. सावलीसाठी घाईनं केळी लावल्या.

पडलेल्या माडांच्या जागी रोपं लावायला मुलगा पुण्याहून आला. मी दोरी काढली, त्यानं टेप काढली. जुने माड टेपनं मोजले तर बरोबर 25 फूट. दोरी मोजली तर साडेसव्वीस! इतक्या वर्षांत काथ्या ताणला गेला होता. तो म्हणाला, "आई, आता तरी ही दोरी टाक." मी म्हटलं, "दीड फूट जास्त झालं तर बिघडलं कुठे?"

अर्धी रोपं त्यानं टेपनं लावली, अर्धी मी दोरीनं. कुठली कुणाची, ते अजून बघून सांगता येत नाही.