मांजा आणि मज्जातंतू

[दांडिया बाजार, बडोदे. १४ जानेवारी, सकाळ. गच्ची.]

"काप्यो छे!"

बडोद्यातल्या मराठी घरांच्या गच्चीवरूनही ही आरोळी गुजरातीतच उठते. मराठीत ओरडलं तर पतंग कापल्यासारखा वाटत नाही म्हणे.

या आरोळीत एकाचा आवाज नाही. त्याची तर्जनी बघा. पेराच्या खाली बारीक रेघ, अजून रक्त फुटलेलं नाही. हे चित्रण ठरवून झालेलं नाही. कॅमेरा आभाळात होता, सहज खाली आला.

तेच पुन्हा, सावकाश. आधी हात झटकन मागे. मग चेहऱ्यावर लखकन एक कळ. मग क्षणभर शांतता, आणि आता तोंड वाकडं.

बोट एकदाच कापलं, दुखलं मात्र दोनदा. पहिली कळ पातळ वेष्टणाच्या मज्जातंतूंतून आली, सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगानं. मागून आलेला ठणका बिनवेष्टणाच्या तंतूंतून, सेकंदाला जेमतेम मीटर-दोन मीटर. बोटापासून मेंदू साधारण मीटरभर लांब, म्हणून ठणक्याला उशीर. हात मागे घ्यायचं काम तर मज्जारज्जूनं परस्पर उरकलं होतं.

आजी बोट नळाखाली धरते. "पट्टी गुंडाळ म्हणून सांगितलं होतं ना?"

[गेंडीगेट. चार दिवस आधी.]

पट्टी कशी गुंडाळायची ते इथे शिकावं. प्रत्येक बोटाला वेगळी चिंधी. दोन खांबांमध्ये ताणलेलं पांढरं सूत, मुठीत लुगदी: काचेची पूड, भाताची खळ, गुलाबी रंग. माणूस सुतावरून मूठ फिरवत चालत जातो, तसाच परत येतो. मागे सूत ओलं गुलाबी. दिवसभरात तो किती चालतो हे त्यानंही मोजलेलं नाही. सुकलं की फिरकीवर.

मज्जातंतूवरही असंच वेष्टण चढतं, पण ते दुसऱ्या पेशी गुंडाळतात, स्निग्ध पदार्थाचे थरावर थर. आणि सलग नाही! मिलिमीटरभर वेष्टण, मग बारीकशी उघडी जागा, पुन्हा वेष्टण. संदेश फक्त त्या उघड्या जागांवर नव्यानं उठतो, म्हणून धावतो. सगळ्यांत जाड तंतूंत सेकंदाला १२० मीटरपर्यंत. ढील द्यायची की खेच मारायची, तो हुकूम अशाच वेगवान तंतूंतून बोटांकडे जातो.

[एका निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षकांचं घर. मागचं अंगण, मग जेवणाचं टेबल.]

कुंडीतलं गांडूळ. सरांनी त्याला पाण्यात थोडं अल्कोहोल घालून सुस्त केलंय. दोन टाचण्या, घरी जोडलेला अॅम्प्लिफायर, जुना स्पीकर. शेपटाला काडीनं हलकेच स्पर्श.

टक्.

पडद्यावर एक सुळका. जोरात स्पर्श: टक्-टक्-टक्. संख्या वाढली, उंची तेवढीच. मज्जातंतूला हळू बोलता येत नाही, मोठ्यानंही नाही. फक्त वारंवार.

हा सुळका म्हणजे काय? शांत पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टनी ऋण असते. घड्याळातल्या पेन्सिल सेलचा विसावा हिस्सा. यावर हसू नका. हा दाब पेलणारं पटल, म्हणजे पेशीभोवतीचा पडदा, मिलिमीटरच्या सुमारे दीड लाखाव्या हिश्श्याइतकं पातळ आहे. म्हणजे मीटरमागे एक कोटी व्होल्टचा ताण! हवेत याच्या तिसऱ्या हिश्श्यात ठिणगी पडते.

स्पर्शानं हा भार थोडा उतरला की पटलातली सोडियमची दारं उघडतात. सोडियम आत घुसतो, आतली बाजू क्षणभर धन होते. शेजारची दारं त्यानंच उघडतात, मग त्यांच्या शेजारची. मिलिसेकंदात आधीची बंद होतात आणि लगेच पुन्हा उघडत नाहीत, म्हणून लाट मागे फिरत नाही. पोटॅशियम बाहेर पडून भार पूर्ववत. हॉजकिन आणि हक्सले यांनी माखलीच्या नातलगाच्या, स्क्विडच्या, जाडजूड तंतूवर हे मोजलं, १९५२ साली गणितात मांडलं, १९६३ साली नोबेल.

सरांना यात फारसा रस नाही. "सुळका सगळ्यांना दिसतो," ते म्हणतात. "टाकी कोण भरतं ते विचारा."

[पुन्हा दांडिया बाजार. गच्चीवरची काळी टाकी. खाली मोटर सुरू होते.]

सकाळी पाणी येतं, मोटर ते गच्चीवर चढवते. आजीनं नळ उघडला तेव्हा मोटर बंद होती. बोटावर पडलं ते टाकीतलं पाणी.

पेशीची मोटर म्हणजे पटलातलं एक प्रथिन. एका फेरीत ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत, खर्च एक एटीपी, म्हणजे पेशीच्या इंधनाचा एक रेणू. अशा लाखो मोटरी. त्यांच्यामुळे आत पोटॅशियम बाहेरच्या तीसपट, बाहेर सोडियम आतल्या दहापट. साठलेलं पोटॅशियम पटलातून थोडं थोडं झिरपत बाहेर जातं आणि आतली बाजू ऋण ठेवून जातं. संदेश या साठ्यावर चालतो. मोटर बंद पाडली तरी जाड तंतू बराच वेळ टक्-टक् करत राहतो, कारण एका संदेशाला साठ्यातला अगदी किरकोळ भाग लागतो. मग टाकी संपते.

डेन्मार्कच्या येन्स स्को यांना ही मोटर १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूत सापडली. नोबेल मिळालं १९९७ साली. चाळीस वर्षं! सर हे आकडे बोटांवर मोजून दाखवतात, दर वेळी.

तुमचा मेंदू वजनानं शरीराचा २ टक्के, ऊर्जा खातो २० टक्के. त्यातला मोठा वाटा विचारांवर जातो असं वाटत असेल, तर नाही. पाणी भरण्यावर जातो. झोपेतही.

[सरांचं अंगण. कण्हेरीचं झाड, गुलाबी फुलं.]

ही फुलं देवाला चालतात, पण लहान मुलांना हात लावू देत नाहीत. कण्हेरीचं विष हीच मोटर अडवतं. हृदय बंद पडू शकतं.

[संध्याकाळ. तारेवर अडकलेले पतंग.]

नायलॉनच्या मांज्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे. तरी दर वर्षी गळे कापले जातात, पक्षी मरतात.

[सरांचं अंगण. कुंडी.]

गांडूळ परत मातीवर ठेवलंय. बराच वेळ ते हललं नाही. सर चहा करायला आत गेले, आम्ही कॅमेरा चालूच ठेवला. आता तोंडाकडचा भाग बारीक होतो, लांबतो, मातीत शिरतो. मागून उरलेलं अंग, एकेक वळी. आतून सर विचारतात, "गेलं का?"

शेपूट अजून बाहेर आहे.